सिव्हिल घेऊ की मेकॅनिकल? कळव्याच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारावी आणि सीईटी झाली, कॉम्प्युटरकडे ओढा नाही, आता पर्याय भरायचे आहेत. बाबांचं मत मेकॅनिकल, कारण सिव्हिल म्हणजे मुलीने उन्हातान्हात साइटवर फिरायचं. मामा रबाळ्याच्या एका कारखान्यात आहे, तो म्हणतो सिव्हिल घे, आमच्याकडे भरती थंड आहे आणि तुमच्या आजूबाजूला सगळीकडे मेट्रोचे खांब उभे राहतायत. तुला नोकरी शक्यतो ठाणे–नवी मुंबईतच हवी आहे.

बाबा आणि मामा दोघेही आजच्या बाजाराकडे बघून बोलतायत. तुझी पदवी चार वर्षांनी हातात येईल आणि काम त्यापुढे तीसेक वर्षं चालेल. म्हणून बाजाराचं नंतर बघू, आधी काम कसं असतं ते बघू.

विषयांच्या यादीवरून निर्णय करायला जाऊ नकोस. पहिलं वर्ष दोन्हीकडे जवळपास सारखंच असतं: गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, इंजिनिअरिंग मेकॅनिक्स, ग्राफिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल. दुसऱ्या वर्षातही स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि फ्लुइड मेकॅनिक्स दोघांनाही आहे. त्यामुळे ‘मला फिजिक्स आवडतं म्हणून मेकॅनिकल’ याला फारसा अर्थ नाही. वाटा फुटतात त्या नंतर. सिव्हिल माती, पाणी, काँक्रीट, सर्व्हे आणि एस्टिमेटकडे जातं. मेकॅनिकल उष्णता, गती, मशीनिंग आणि यंत्राच्या भागांच्या डिझाइनकडे जातं.

माझ्या मते खरा फरक आहे तो चुकीत. झालेली चूक किती दिवसांनी कळते, ती मागे घेता येते का, आणि ती निस्तरताना कुणाकुणाशी बोलावं लागतं, या तीन बाबतींत ही दोन क्षेत्रं अगदी वेगळी आहेत. दोन उदाहरणं जवळून बघ.

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या साइटवर स्लॅब भरायचा आहे. काँक्रीट एम-२५, म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिमीला २५ न्यूटन ताकद देणारं. ते आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवरून ट्रान्झिट मिक्सरने, म्हणजे फिरत्या ड्रमच्या गाडीतून येणार. गाडी प्लांटवर भरल्यापासून साधारण २ तासांत रिकामी व्हावी असं आयएस ४९२६ हे भारतीय मानक सांगतं. ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की माल घट्ट होत जातो, पंप चोक व्हायला लागतो आणि कुणीतरी ‘थोडं पाणी मार’ म्हणतं. साइट इंजिनिअरची परीक्षा तिथे असते. पाणी मारलं की स्लम्प, म्हणजे मालाचा सैलपणा, वाढतो, माल सरसर वाहतो, सगळे खूश. पण सिमेंटच्या तुलनेत पाणी वाढलं की ताकद पडते. योग्य उपाय म्हणजे प्लांटच्या क्वालिटीवाल्याला विचारून ॲडमिक्श्चरचा, म्हणजे माल वाहता ठेवणाऱ्या रसायनाचा, ठरलेला जादा डोस देणं, आणि वेळ फार उलटली असेल तर गाडी परत पाठवणं. मग त्याच मालाचे १५० मिमीचे नमुना क्यूब भरायचे. ७ दिवसांनी काही फोडायचे, तेव्हा साधारण दोन तृतीयांश ताकद दिसते. २८ दिवसांनी उरलेले फोडायचे. २५ न्यूटन प्रति चौरस मिमी म्हणजे त्या क्यूबने मशीनवर ५६२.५ किलोन्यूटन भार सोसायला हवा. समजा क्यूब ४६० ला फुटला. तोवर त्या स्लॅबच्या वर एक-दोन स्लॅब पडलेले असतात. आता तो स्लॅब बदलता येत नाही. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक पल्स या न फोडता करायच्या चाचण्या, कोअर (काँक्रीटचा गोल तुकडा) काढून तपासणी, डिझायनरला पत्र, बिल्डरची धावपळ, कंत्राटदाराचं बिल अडकलेलं, आणि या सगळ्यांच्या मध्ये तू.

आता महाप्यातलं एखादं मशीन शॉप घे. पंपाचा शाफ्ट (फिरणारा दांडा) लेथवर टर्न करून ग्राइंड करायचा आहे, त्यावर ६२०५ बेअरिंग बसणार. बेअरिंगचं भोक २५ मिमी, शाफ्टच्या ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं के-६, म्हणजे माप २५.००२ ते २५.०१५ मिमीच्या आत. मुभा १३ मायक्रॉनची, मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. ऑपरेटरने ग्राइंडिंग झाल्या झाल्या मायक्रोमीटर लावला, माप आलं २५.००५, ओके म्हणून जॉब (म्हणजे तो शाफ्ट) खाली ठेवला. पण जॉब खोलीपेक्षा २० अंशांनी गरम होता. २५ मिमीचं पोलाद २० अंशांना जवळपास ६ मायक्रॉन फुगतं. थंड झाल्यावर तोच शाफ्ट २४.९९९ भरतो, म्हणजे अंडरसाइज. बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर सरकत राहते, सीट झिजते, पंप आवाज करायला लागतो. उलट शाफ्ट जाड ठेवला तर रिंग ताणली जाते, आतली क्लिअरन्स, म्हणजे गोळ्यांना फिरायची मोकळी जागा, संपते, बेअरिंग तापून जाम होतं. पण इथे चूक दहा मिनिटांत पकडता येते. जॉब थंड होऊ दे, पुन्हा माप, मशीनचा ऑफसेट (मापाचं सेटिंग) बदल, पुढचा जॉब नीट येतो. एक शाफ्ट भंगारात गेला, बाकीचे २०० वाचले. आणि का गेला हे आकड्यांत दाखवता येतं.

सिव्हिलमध्ये प्रत्येक काम नवं असतं आणि ते एकदाच होतं. मेकॅनिकलमध्ये तेच काम हजार वेळा होतं आणि दर वेळी ते किंचित सुधारायचं असतं. पहिल्यात अंदाज, आगाऊ तयारी आणि माणसं सांभाळणं लागतं. दुसऱ्यात मापाची शिस्त लागते, कारण शोधायची चिकाटी लागते. कोण हुशार, कोण कमी, याच्याशी काही संबंध नाही. हा स्वभावाचा प्रश्न आहे, आणि घरच्यांपेक्षा त्याचं उत्तर तुलाच जास्त नीट देता येईल.

सिव्हिलबद्दल आणखी एक गोष्ट आमच्या या भागात राहून समजून घ्यायलाच हवी: माती. खाडीच्या दोन्ही काठांना, आणि नवी मुंबईत बऱ्याच ठिकाणी, वर भरणी आणि खाली मऊ सागरी चिकणमाती आहे. तिच्यावर भार टाकला की आतलं पाणी हळूहळू बाहेर पडतं आणि जमीन खचत राहते. पाण्याला बाहेर पडायला जितकं अंतर कापावं लागतं त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो. अंतर निम्मं केलं तर वेळ चौथाईवर येतो. म्हणून चिकणमातीत पाणी बाहेर काढणाऱ्या उभ्या वाती (पीव्हीडी) एकमेकींच्या जवळ खुपसतात, वर मातीचा तात्पुरता ढीग ठेवतात आणि एरवी वर्षानुवर्षं चालणारं खचणं काही महिन्यांत उरकून घेतात. जिथे तेवढं थांबता येत नाही तिथे पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, थेट खडकापर्यंत नेतात. शेजारच्या दोन बोअरहोलमध्ये (तपासणीच्या भोकांत) खडक वेगळ्या खोलीवर लागतो हे इथे नेहमीचंच. अशी अनिश्चितता वाचून तुला उत्सुकता वाटली की पोटात गोळा आला, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचार. मला विचारशील तर जिओटेक्निकल, म्हणजे माती आणि पायाचं शास्त्र, हा या पट्ट्यातला सर्वांत कसदार विषय आहे, आणि मुलं मात्र स्ट्रक्चरलच्या मागे लागून त्याच्याकडे दुर्लक्ष करतात.

आता नोकरीचं गाव. ठाणे–नवी मुंबईतच राहायचं ही तुझी अट दोन्ही शाखांना सारखी लागू पडत नाही.

मामांचं निरीक्षण खरं आहे. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, २१.८ किलोमीटरचा, त्यातला १६.५ किलोमीटर समुद्रावरून. बेलापूर–पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून धावते. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये विमानं उडायला लागली. वडाळा–कासारवडवली मेट्रो ४, ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रो ५, राष्ट्रीय उद्यानाखालून जाणारा ठाणे–बोरिवली जुळा बोगदा, ही सगळी कामं तुझ्या घरापासून लोकलच्या अंतरावर. पण प्रकल्प संपतो. पायाभूत सुविधांच्या कंपनीत लागलीस तर इथलं काम उरकल्यावर पुढची बदली नागपूरला होईल की गुवाहाटीला, हे तुझ्या हातात नसतं. इथे टिकून राहायचं असेल तर सिव्हिलमधली वेगळी कामं बघ. जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट, दुरुस्ती आणि पुनर्विकास हे त्यातलं मोठं. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीची स्थैर्यतपासणी सक्तीची आहे. नौपाडा, कळवा, कोपरी, वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारती, रांगच आहे. हे काम कुठे जाणार नाही. त्यासाठी पदवीनंतर काही वर्षांचा अनुभव घेऊन महापालिकेकडे स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून नोंदणी करावी लागते, आणि डिझाइनमध्ये खोल जायचं तर एम.टेक. करावंच लागतं असं समजून चाल.

मेकॅनिकलचा नकाशा बदलला आहे. एमआयडीसीची सुरुवात १९६२ मध्ये वागळे इस्टेटीतून झाली. आज तिथल्या कितीतरी शेडच्या जागी ऑफिसं आणि टॉवर उभे आहेत. टीटीसी पट्ट्यात, म्हणजे ऐरोली ते नेरुळ, आणि तळोज्यात कारखाने आहेत, पण गाड्यांचं उत्पादन, मोठी मशीन शॉप, डिझाइन सेंटरं यांचा भर चाकण–तळेगाव–पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इकडे आहे. निव्वळ उत्पादन किंवा ऑटोमोबाइलचं वेड असेल तर ठाणे सोडायची तयारी ठेव.

पण इथे राहून मेकॅनिकलचं भरपूर काम मिळतं अशी एक जागा आहे, आणि तिच्याबद्दल बारावीच्या मुलांना कुणी सांगत नाही: इमारतींची यंत्रणा. एसी, पंपिंग, अग्निशमन, लिफ्ट, व्हेंटिलेशन. बांधकामाच्या भाषेत एमईपी (मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग). ऐरोली, रबाळे, महापे इथल्या डेटा सेंटरमुळे याला चांगलंच वजन आलं आहे. सर्व्हर जितकी वीज खातात तितकी जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. १००० किलोवॅटचा सर्व्हर हॉल धरला, तर १ टन रेफ्रिजरेशन (थंडाव्याचं एकक) म्हणजे ३.५१७ किलोवॅट या हिशेबाने सुमारे २८४ टनांची चिलर (पाणी थंड करणाऱ्या यंत्राची) क्षमता लागते, राखीव वेगळी. थंड पाणी जाताना आणि परत येताना ६ अंशांचा फरक ठेवला तर तासाला साधारण १४३ घनमीटर पाणी फिरवावं लागतं. मग पाइप केवढा, पंप किती हेडचा (पाणी किती उंचीपर्यंत ढकलणारा), एक पंप बंद पडला तर दुसरा किती सेकंदांत उचलतो. हे थर्मोडायनॅमिक्स आणि फ्लुइडचंच काम आहे, आणि ते करणारा मेकॅनिकल इंजिनिअर रोज सिव्हिलवाल्यांच्या साइटवरच असतो. बीममधून डक्ट (हवेचा मार्ग) न्यायचा की खालून, यावर दोघांची रोजची वादावादी. तेव्हा ‘मेकॅनिकल म्हणजे साइट नाही’ हा बाबांचा समज तेवढा बाजूला ठेव.

बाबांची काळजी मात्र खरी आहे, तिला नीट उत्तर द्यायला हवं. साइटवर मुलींना अडचण येते ती उन्हाची कमी आणि सोयींची जास्त. मोठ्या कंपन्यांच्या प्रकल्पांवर स्वच्छतागृह, गाडी, सुरक्षारक्षक अशी व्यवस्था बहुधा असते. लहान कंत्राटदाराकडे बऱ्याचदा नसते. मोठा स्लॅब सकाळी सुरू झाला की रात्री दहा-अकरापर्यंतही चालतो, कारण मध्येच थांबवला तर कोल्ड जॉइंट, म्हणजे जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये कच्चा सांधा, पडतो. मुलाखतीत हे तिन्ही प्रश्न सरळ विचारायचे: स्वच्छतागृह आहे का, रात्री काम चाललं तर घरी सोडायची सोय काय, साइटवर आणखी कोणी महिला इंजिनिअर आहे का. कारखान्यातही शिफ्ट असतात, तिथेही हेच विचारायचं. क्वालिटी, प्लॅनिंग, बिलिंग, डिझाइन अशी ऑफिसातली कामं दोन्हीकडे आहेत. तरी सुरुवातीची दोन वर्षं साइटवर किंवा शॉप फ्लोअरवर काढावीत असं मी आग्रहाने सांगतो. बीम–कॉलमच्या जोडात सळ्यांची दाटी झाली की काँक्रीटला खाली उतरायला जागा उरत नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या डिझायनरच्या ड्रॉइंगला साइटवरचे लोक मानतात.

सरकारी नोकरी मनात असेल तर सिव्हिलचं पारडं उघड जड आहे. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जीवन प्राधिकरण, जिल्हा परिषदा, महापालिका, सिडको, सगळीकडे कनिष्ठ अभियंता आणि वरची पदं मुख्यतः सिव्हिलची. मेकॅनिकलला सहायक मोटार वाहन निरीक्षक, रेल्वे, आणि गेट (GATE) परीक्षेच्या गुणांवर घेणाऱ्या सार्वजनिक कंपन्या.

आता एक काम करून बघ. पर्याय भरायच्या आधी दोन रविवार त्यासाठी दे.

पहिल्या रविवारी घराचा नकाशा काढ. मेजर टेप, कागद, १:५० चं प्रमाण. खोलीच्या चारही बाजू मोज आणि दोन्ही कर्णही. ३ बाय ४ मीटरच्या खोलीचा कर्ण ५ मीटर यायला हवा. एक ५.०३ आणि दुसरा ४.९७ आला तर खोली काटकोनात नाही. भिंतींची जाडी दरवाज्याच्या चौकटीशी मोज. मग आतल्या प्लास्टरचं क्षेत्रफळ काढ, दारं-खिडक्या वजा करून. नंतर गच्चीखालच्या मजल्यावर कुणाच्या घरी छताला तपकिरी डाग किंवा पोपडे असतील तर ते बघायला जा. सळी गंजली की गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, तो वरचं काँक्रीट ढकलून पाडतो. पाणी मात्र जिथे दिसतं तिथूनच शिरलेलं असतं असं नाही. गच्चीचा उतार, पाण्याच्या टाकीखालची जागा, पाइप जिथून जातो ते भोक, सगळं तपासून स्वतःचा अंदाज लिहून ठेव.

दुसऱ्या रविवारी घरातला किंवा भंगारवाल्याकडचा जुना मिक्सर घे. प्लग काढून ठेव, मगच हात लाव. भांड्याखालचा कपलर, म्हणजे मोटरचं फिरणं पात्यापर्यंत पोचवणारा जोड, तुटलेला असण्याची शक्यता मोठी. नवा कपलर लावून तो पुन्हा का तुटतो, याचं कारण शोध. बहुतेक वेळा भांड्याच्या तळाचं सील गेलेलं असतं, पाणी आणि वाटण बुशमध्ये, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीत, उतरतं, बुश जाम होतं, मोटर फिरवायला बघते आणि सर्वांत मऊ भाग, म्हणजे कपलर, जीव सोडतो. बाकी मोटरला वाचवायला तो मुद्दामच मऊ ठेवलेला असतो. सगळे भाग सुटे करून क्रमाने वर्तमानपत्रावर मांड, प्रत्येकाचं रेखाचित्र काढ, व्हर्निअरने मापं घे आणि परत जोड. एकही स्क्रू उरता कामा नये.

यातलं कुठलं जमलं याकडे बघू नकोस, दोन्ही जमतील. कुठल्या कामात पुढचे प्रश्न आपोआप पडत गेले ते बघ.

कॉलेज निवडताना प्लेसमेंटच्या एका मोठ्या आकड्यावर जाऊ नकोस. मेकॅनिकलच्या मुलांना आयटी कंपनीने घेतलं तरी ते त्याच आकड्यात धरतात. मागच्या बॅचचे किती जण स्वतःच्या शाखेतल्या कामाला लागले, हे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठून विचार. एनबीएची (राष्ट्रीय मानांकन मंडळाची) मान्यता शाखेला असते, अख्ख्या कॉलेजला नाही, त्यामुळे तुझ्या शाखेला आहे का ते बघ. प्रयोगशाळा बघायला माग. सिव्हिलसाठी: क्यूब फोडायचं मशीन चालू आहे का, त्याच्यावर कॅलिब्रेशनचं स्टिकर कुठल्या तारखेचं आहे, टोटल स्टेशन (सर्व्हेचं यंत्र) एका बॅचला किती. मेकॅनिकलसाठी: सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) मुलं स्वतः जॉब काढतात की फक्त बघतात, मेट्रॉलॉजी (मापनाच्या) लॅबमधल्या गेजवर धूळ आहे का. एवढ्यात बरंच कळतं. इथून रोज पनवेल किंवा अंधेरी गाठायची असेल तर प्रवासाचे तासही मोज. चार वर्षं रोज तीन तास लोकलमध्ये गेले तर प्रोजेक्ट आणि इंटर्नशिपला वेळ उरत नाही.

फॉर्म भरताना पर्याय मागच्या वर्षीच्या कटऑफच्या क्रमाने लावतात, ती चूक करू नकोस. तुझ्या पसंतीच्या क्रमाने लाव. वरचा पर्याय मिळाला नाही तर खालच्या पर्यायांचं काही बिघडत नाही. उलट पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होतो, मग कुरकुर चालत नाही. त्यामुळे पहिल्या जागी नुसतं ‘बघू तर’ म्हणून काही लिहू नकोस. चॉइस कोड, म्हणजे फॉर्ममध्ये भरायचा पर्यायाचा क्रमांक, शाखेगणिक वेगळा असतो, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क माफीच्या जागांचा कोडही वेगळा असतो. तो स्वतंत्र भरावा लागतो, विसरली तर त्या जागेचा विचारच होत नाही. फेऱ्यांचे नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षाची सीईटी सेलची माहितीपुस्तिका समोर ठेवूनच भर.

तुझा शेवटचा प्रश्न होता की पहिल्या वर्षानंतर शाखा बदलता येते का. येते, पण जागा रिकामी असेल आणि गुणानुक्रमात नाव असेल तरच. त्यावर भिस्त ठेवून नावडती शाखा घेऊ नकोस. शाखा एक घेऊन दुसरीकडचे विषय मायनर म्हणून घ्यायची सोय कॉलेजात आहे का, ते मात्र प्रवेशाच्या आधीच विचारून ठेव. एमईपीकडे जायचं ठरलं तर मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला बांधकामाची ड्रॉइंग वाचता आलेली फार उपयोगी पडतात.